शून्य नंबरची सुरी

मागच्या वीकांताला लिहायचं राहून गेलं, कारण मी घरी गेलो होतो. घरी म्हणजे पुण्यातल्या भाड्याच्या टू बीएचकेत नाही, खऱ्या घरी. आर्णी तालुका, जिल्हा यवतमाळ. शुक्रवारी संध्याकाळी हापिसातून परस्पर ट्रॅव्हल्स गाठायची, रात्रभर स्लीपरमध्ये इकडून तिकडे गडगडायचं आणि सकाळी यवतमाळला उतरून एसटीने आर्णी. पुण्यात राहणाऱ्या आमच्याकडच्या प्रत्येक पोराला हा प्रवास पाठ असतो.

निमित्त होतं घरावरची कवेलू काढण्याचं. गेली चार वर्षं बाबा "यंदा स्लॅब टाकू" म्हणत होते, यंदा खरंच टाकायचा ठरला. (बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. फंडाचे पैसे घरात घालायचे नाहीत तर कशात घालायचे, हा त्यांचा बिनतोड मुद्दा.) मग माळा रिकामा करणं आलं. तिथे काय काय निघालं त्याची यादी केली तर लेख तिथेच संपेल. फुटका रांजण, पात्यांशिवायचा टेबलफॅन, माझी दहावीची सगळी गाइडं, आणि एका लोखंडी पेटीत, सगळ्यात खाली, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी. कापडाला तेलाचा वास येत होता.

सोडून पाहिलं. सुरी होती.

मी तिला ताबडतोब ओळखलं, कारण इतकी कुरूप सुरी मी आयुष्यात एकच केली आहे.

नेहमी वाचणाऱ्यांना माझं हे खूळ माहीत आहे. नवीन कुणी असेल तर थोडक्यात सांगतो. सोमवार ते शुक्रवार मी कोड लिहितो आणि शनिवारी भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याच्या शेडच्या कोपऱ्यात सुऱ्या घडवतो. तलवारी-खंजीर असलं काही नाही, कांदे-बटाटे चिरायच्या साध्या सुऱ्या. २०२१ पासून आजवर त्रेचाळीस झाल्या. प्रत्येकीवर नंबर असतो आणि प्रत्येकीबरोबर एक छोटं कार्ड जातं. कार्डावर पोलादाचा प्रकार, मुठीचं लाकूड आणि खाली एक ओळ: 'स्वतः शिकून, पुण्यात घडवलेली.'

ही ओळ लक्षात ठेवा. सगळा घोळ तिच्यातच आहे.

तर, माळ्यावर सापडलेली सुरी या त्रेचाळिसात नव्हती. ती नंबर एकच्याही आधीची. आमच्या धंद्यात मोजणी शून्यापासून करतात, म्हणून मी तिला तिथेच मनातल्या मनात शून्य नंबर देऊन टाकला. पातं पाच इंचांचं. पाठ सरळ असायला हवी ती मधेच बसलेली, म्हशीच्या पाठीसारखी. दोन्ही बाजूंना हातोड्याचे व्रण. मुठीला सागवानाच्या दोन पट्ट्या, त्यातली एक जाड, एक पातळ. मागचं भोक तिरकं पाडलेलं, त्यामुळे खिळाही तिरका. सगळं माझंच, शंकाच नाही.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. मी या सुरीला मूठ बसवलीच नव्हती. ती अर्धवट टाकून, चिडून, मी निघून आलो होतो. आणि ती घरी नाही, लोहाराच्या भट्टीवर टाकून आलो होतो.

*

गोष्ट २०१५ च्या उन्हाळ्यातली. बारावीची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता आणि दिवस संपता संपत नव्हते. आईने तिची पावशी (विळीला आमच्याकडे पावशी म्हणतात) लोहाराकडे नेऊन दे म्हणून पिटाळलं. भट्टी गावाबाहेरच्या कडुनिंबाखाली. जमिनीत खड्डा करून केलेली कोळशाची भट्टी, भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा, बाभळीच्या ओंडक्यात ठोकलेली ऐरण. लोहारकाका एका हातात सांडशी आणि दुसऱ्या हातात हातोडा घेऊन बसलेले, समोर त्यांचा मुलगा घण घेऊन उभा. मुलगा माझ्याच वयाचा. काका हातोड्याने जिथे हलकी टिचकी मारतील तिथे त्याने घण घालायचा. दोघांमध्ये एक शब्द नाही.

मी पाहत उभा राहिलो. काका म्हणाले, "उभा कायले रायतं, पंखा फिरव." मी जो बसलो तो दोन महिने बसलोच.

एप्रिल-मे म्हणजे लोहाराचा सीझन. खरिपाच्या आधी सगळ्यांना सगळं शेवटून हवं असतं. वखराची पास, डवऱ्याची पास, कुऱ्हाडी, विळे. शेवटणं म्हणजे झिजून बोथट झालेलं पातं तापवायचं, ठोकून पुन्हा पातळ करायचं आणि त्याला परत पाणी पाजायचं. पाणी पाजणं म्हणजे लाल झालेलं लोखंड एकदम बुडवून थंड करणं, त्यानेच धार कडक होते. आमच्या काकांच्या डब्यात कमानपाट्याच्या पोलादासाठी पाणी नसायचंच, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल असायचं. पण शब्द पाणीच.

महिनाभर पंखा फिरवल्यावर त्यांनी मला ट्रकच्या तुटक्या कमानपाट्याचा एक तुकडा दिला. "हे घे. कर काय करतं ते."

आता या पोलादाबद्दल मला पानभर माहिती सांगता येते. कमानपाट्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. ७२७ अंश सेल्सियसच्या वर गेलं की पोलादाची आतली रचना बदलू लागते, आणि तिथून पुरेसं तापवून एकदम थंड केलं की ते काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच ठिसूळही. म्हणून त्याला पुन्हा थोडंसं तापवून तो ठिसूळपणा उतरवावा लागतो. माझ्याकडे आता डिजिटल कंट्रोलरवाली छोटी ओव्हन आहे. ८४५ अंशांना तापवायचं, तेलात बुडवायचं, मग २०० अंशांवर दोन तास, दोनदा.

काकांकडे यातलं काही नव्हतं. त्यांच्याकडे तीन रंग होते.

पहिला पळसाचा. पातं पळसाच्या फुलासारखं दिसलं की बुडवायचं. फुलाहून पिवळं झालं म्हणजे जास्त तापलं, गेलं. दुसरा गव्हाचा. बुडवताना अख्खं पातं नाही बुडवायचं, फक्त धारेची बाजू. पाठ अजून गरम असते. मग पटकन पातं विटेवर घासून चकचकीत करायचं आणि डोळे लावून पाहत बसायचं. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे उतरते आणि तिच्यापुढे रंग धावत येतात. आधी फिका पिवळा, मग गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा, निळा. धार गव्हाळ झाली की लगेच पुन्हा बुडवायचं. आणि तिसरा रंग मोराचा. तो दिसला तर समजायचं की उशीर झाला, धार मऊ पडली.

या रंगांचं शास्त्र मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. थर जसा जाड होत जातो तसा प्रकाश त्यातून वेगवेगळ्या रंगात परततो, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगावर दिसतो तसा. २०० ते २३० अंशांच्या आसपास फिका पिवळा ते गव्हाळ, ३०० च्या आसपास निळा. म्हणजे काकांचा गहू आणि माझ्या कंट्रोलरचा आकडा जवळजवळ एकाच जागी आहेत.

आणखी एक नियम होता. पाणी दिवेलागणीलाच पाजायचं. दिवसभर ठोकाठोकी, पण पाणी पाजायच्या सगळ्या वस्तू एका बाजूला रचून ठेवायच्या आणि सूर्य कलल्यावर एकामागून एक काढायच्या. मला वाटायचं ही काहीतरी श्रद्धेची भानगड असावी.

*

माझं पातं तयार झालं त्या दिवशी काका बाजाराला गेले होते. मुठीच्या पट्ट्याही मी कापून, भोकं पाडून ठेवल्या होत्या. भर दुपार, दोन वाजलेले. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो आणि उन्हाकडे बघवत नाही. संध्याकाळपर्यंत कोण थांबणार? काकांच्या मुलाने सांगून पाहिलं, "थांब न, बाबा येतेच." मी भट्टी पेटवली.

पातं तापवतोय, तापवतोय, पण ते लाल दिसेचना. उन्हात ते काळपटच वाटत होतं. मी पंखा आणखी जोरात फिरवला. शेवटी मला हवा तो रंग दिसला आणि मी अख्खं पातं तेलात बुडवलं. विटेवर घासणं, गव्हाचा रंग, काही केलं नाही. फडक्यात धरून कडुनिंबाच्या फांदीवर घाव घातला. टच्! धारेचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा उडून गेला.

उन्हात लाल लोखंड लाल दिसत नाही. ते दिसेपर्यंत तापवत बसलं तर ते केव्हाच प्रमाणाबाहेर तापलेलं असतं. पोलादाचे कण फुगतात आणि पातं ठिसूळ होतं. दिवेलागणीचा नियम त्यासाठी होता. श्रद्धेचा त्यात काही संबंध नव्हता.

काका परत आले. त्यांनी पातं उलटसुलट करून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "ऊन होतं न बाबू."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मला इतका राग आला की काय सांगू. दोन महिन्यांची मेहनत, आणि गावातली चार माणसं भोवती बसून बघताहेत. मी म्हणालो (हे लिहितानाही कसंतरी होतंय), "तुमचं सगळं अंदाजपंचेच आहे काका. ना थर्मामीटर, ना माप. फुलं पाहून कुठं लोखंड तापते? म्हणूनच हा धंदा बुडून राहिला."

धंदा खरंच बुडत होता. बैल कमी होत होते, ट्रॅक्टर वाढत होते, रेडीमेड विळे कृषी केंद्रात मिळायला लागले होते. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मास्तरच्या पोराने ते चारचौघांत सांगायची गरज नव्हती. ते काही बोलले नाहीत. मुलाने घण खाली ठेवला. मी पातं ऐरणीवर टाकलं आणि घरी आलो. पुन्हा त्या बाजूला गेलो नाही. निकाल लागला, ॲडमिशन झाली, अमरावतीला हॉस्टेलवर गेलो, मग पुणे, मग नोकरी.

२०२१ मध्ये वर्क फ्रॉम होमच्या काळात मी जालावर अमेरिकन लोकांचे सुऱ्या घडवायचे व्हिडिओ पाहायला लागलो आणि तिथून या छंदाची 'सुरुवात' झाली. निदान मी सगळ्यांना तसंच सांगत आलो. आमच्या ऑफिसातल्या छंदांच्या प्रदर्शनात माझ्या टेबलावर 'स्वयंशिक्षित' अशी पाटीसुद्धा होती. आणि असं नाही की मी खोटं बोलत होतो. २०१५ चे ते दोन महिने मी खरंच हिशेबातून काढून टाकले होते. जिथे आपण नापास झालो आणि वर वाईट वागलो, ते कोण हिशेबात धरतं?

*

"आई, ही इथं कशी आली?"

आई खाली कवेलू मोजत होती. वर न बघताच म्हणाली, "तू अमरावतीले गेला न, त्याच्या नंतर लोहारकाका देऊन गेले होते. 'पोट्ट्याले देजा' म्हणे. मी तुले फोनवर सांगितलं होतं. तू म्हणाला, ठेव कुठंतरी. मग ठेवली तेल लावून."

मला तो फोन आठवत नाही. पण 'ठेव कुठंतरी' हे माझंच वाक्य आहे, त्यात शंका नाही.

म्हणजे मूठ काकांनी बसवली. ठीक. पण पातं? मी ते ठिसूळ करून ठेवलं होतं. मूठ बसवली म्हणून ठिसूळ पातं सुधारत नाही. आता मला राहवेना. बाबांच्या हत्यारांच्या डब्यातून एक कानस काढली. साधी परीक्षा आहे: कडक पोलादावर कानस घसरते, मऊ पोलादाला चावते. धारेवर फिरवली, घसरली. पाठीवर फिरवली, चावली. मी तर अख्खं पातं बुडवलं होतं, पाठही तेवढीच कडक असायला हवी होती.

दुसरी परीक्षा. धार पितळेच्या गोल दांड्यावर दाबून ओढायची. जास्त कडक असेल तर तुटते, मऊ असेल तर वाकून तशीच राहते, बरोबर असेल तर वाकते आणि परत सरळ होते. पितळेचा दांडा घरात एकच, समईचा. आई ओरडायच्या आत उरकलं. धार वाकली आणि सरळ झाली.

मग लिंबू कापून पात्याला चोळलं. थोड्या वेळाने पात्यावर दोन वेगळे रंग उमटले आणि त्यांच्या मधून, धारेपासून बोटभर अंतरावर, एक वळणावळणाची रेघ. अर्धंच पातं तेलात बुडवल्याची खूण. ज्वारीच्या दाण्याएवढी खाचसुद्धा घासून घासून जवळजवळ भरून काढलेली होती, बारीकशी खूण तेवढी उरली होती.

काकांनी माझं पातं पुन्हा तापवलं होतं, पुन्हा पाणी पाजलं होतं, गव्हावर थांबवलं होतं. आणि हे सगळं करताना बाकी कशालाही हात लावला नव्हता. बसलेली पाठ दोन ठोक्यांत सरळ झाली असती, केली नाही. हातोड्याचे व्रण तसेच ठेवले. मुठीची जाड-पातळ जोडी बदलली नाही, तिरक्या भोकातून तिरकाच खिळा मारला. फक्त खिळ्यांची डोकी तेवढी सुबक, गोल ठोकलेली. ती माझी नव्हेत, मला आजही तशी जमत नाहीत.

आपल्यापैकी ज्यांनी दुसऱ्याचा कोड दुरुस्त केला आहे, त्यांना हे किती अवघड आहे ते कळेल. एक बग काढायला म्हणून आपण फाइल उघडतो आणि जाता जाता सगळं आपल्या पद्धतीने लिहून टाकतो, शिवाय कमिटवर नाव आपलं. इथे फक्त बग काढला होता, कोड माझाच ठेवला होता आणि कमिटवर नाव नव्हतं. तेही ज्या पोराने चारचौघांत अक्कल काढली त्याच्यासाठी, ऐन सीझनच्या धामधुमीनंतर, फुकट.

*

रात्री अंगणात बाजेवर पडलो पण झोप येईना. मला एक विचित्र गोष्ट आठवत होती. भोसरीच्या शेडमध्ये, ओव्हन घ्यायच्या आधी, मी पहिल्यांदा पोलाद तापवलं तेव्हा ट्यूबलाइट बंद केली होती. शेडवाल्याने विचारलं, "लाइट का घालवली?" मी म्हणालो, "कुठंतरी वाचलंय." वाचलं कुठेच नव्हतं.

आणखी एक आठवलं. याच छंदापायी मी उट्झ पोलादाबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. जगात ज्याला दमास्कसच्या तलवारींचं पोलाद म्हणतात ते मूळचं दक्षिण भारतातलं. मी ते सगळं अमेरिकन व्हिडिओंमधून शिकलो आणि मग एकदा नकाशा उघडून पाहिला. पांढरकवड्याहून हैदराबादच्या हायवेने निघालं की पैनगंगा ओलांडल्यावर आदिलाबाद, पुढे निर्मल, आणि त्याच्या पलीकडे निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम. या भागात ते पोलाद बनायचं आणि इराणहून व्यापारी ते न्यायला यायचे. म्हणजे आमच्या जिल्ह्याची हद्द संपते तिथून फार लांब नाही! हेन्री व्हॉयसी नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८२० च्या दशकात तिथे जाऊन सगळी कृती लिहून ठेवली, ती १८३२ मध्ये छापून आली. त्याच सुमारास लंडनमध्ये मायकेल फॅरडे आणि सुऱ्या बनवणारा जेम्स स्टोडार्ट या पोलादावर प्रयोग करत होते. (फॅरडेचे वडील लोहार होते.) आणखी मागे जायचं तर नागपूर जिल्ह्यात नायकुंडला १९७८ ते १९८० च्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, ती सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची.

व्हॉयसीचं नाव राहिलं, स्टोडार्टचं राहिलं, फॅरडेचं तर राहिलंच. कोनासमुद्रमच्या भट्टीवर रंग पाहून 'आता काढा' म्हणणाऱ्या माणसाचं नाव कुणी लिहिलं नाही. हे वाचून मला पूर्वी फार चीड यायची. साहेबाने आपल्या लोकांचं नाव लिहिलं नाही वगैरे. त्या रात्री बाजेवर पडल्या पडल्या लक्षात आलं की मी त्रेचाळीस कार्डांवर वेगळं काय केलं होतं?

*

रविवारी सकाळी गेलो. कडुनिंब आहे, भट्टी नाही. तिथे आता पत्र्याची शेड, काकांचा मुलगा वेल्डिंग करतो. गेट, ग्रिल, ट्रॉलीची दुरुस्ती. त्याने मला ओळखलं, काच वर केली, "या भाऊ," म्हणाला. मला 'भाऊ' आणि 'या' ऐकून कसंनुसं झालं. घण घालायचा तेव्हा अरे-तुरे होतं.

काका मागे खाटेवर बसले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं आहे.

"कोन होय?"

"मी काका. मास्तरचा."

"मास्तरचा बाबू! ये, बस. पुन्याले रायतं म्हने आता."

मी सुरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेलीच नाही. अंगठा पात्यावरून आडवा फिरवला, मग पाठीवरून. "कोनाची होय?"

"माझीच. तुमच्या भट्टीवर केली होती. मी बिघडवली, तुम्ही परत पाणी पाजलं. आईजवळ आणून दिली होती."

"मी?" त्यांनी डोकं हलवलं. "असन बाप्पा. सीझनमदी दिवसाले तीस-चाळीस नग निघत. कोनतं कोनतं ध्यानात राहीन?"

माझी सगळी तयारी करून आणलेली माफी तिथेच अडकली. ज्या गोष्टीची माफी मागायची ती समोरच्याला आठवतच नसेल तर काय करायचं? मग थोड्या वेळाने ते म्हणाले, "सांजेले पाजली असन पण. दुपारी मी कधी पाजत नोहतो." हे म्हणताना ते हसले की काय, मला नक्की सांगता येणार नाही.

मी बॅगेतून त्रेचाळीस नंबर काढून दिला. आईसाठी नेला होता. त्यांनी अंगठा फिरवला, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला.

"चांगली हाये. मूठ जराशी जड हाये." आणि मग, अगदी सहज, "कोनापाशी शिकला?"

सुरीबरोबरचं कार्ड माझ्या खिशात होतं.

"तुमच्यापाशीच, काका."

"हट्! दोन मयने पंखा फिरवला तू. मी कायले शिकवतो तुले."

मी म्हणालो, "त्या दिवशी मी बोलायला नको होतं तसं." ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "मास्तर स्लॅब टाकून राहिले म्हने. गेट कोनाले सांगितलं?"

गेट कुणालाच सांगितलं नव्हतं. ते तिथल्या तिथे काकांच्या मुलाला सांगितलं. तो माप लिहून घेता घेता म्हणाला, "भाऊ, तुमची एक सुरी केवढ्याले जाते?" मी सांगितलं, साडेतीन हजार. त्याने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बाबा तीस रुपयात शेवटून देत," एवढंच म्हणाला आणि परत लिहायला लागला. त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. असता तर मला उत्तर तरी देता आलं असतं. घण त्याने सात-आठ वर्षं घातला आणि मी दोन महिने पंखा फिरवला. तो गेट करतो, मी 'हॅन्डमेड' सुऱ्या विकतो. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही, तरीही हा हिशेब मला अजून नीट लावता आलेला नाही.

निघताना काकांना विचारलं, "सुरीच्या कार्डावर तुमचं नाव टाकू का?" त्यांना कार्ड म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. "टाक," म्हणाले, "पन जड मुठीचं खापर माह्या डोक्यावर नको फोडू."

पुण्यात आल्यावर पहिलं काम ते केलं. जुनी साठेक कार्डं उरली होती, ती रद्दीत गेली. नव्या कार्डावर शेवटच्या ओळीत काकांचं नाव आहे, गाव आहे आणि २०१५ हे साल आहे. ते नाव मी इथे लिहिलेलं नाही, कारण त्यांना कार्डाबद्दल विचारलं होतं, इथल्याबद्दल नाही. ज्यांनी माझ्याकडून सुऱ्या घेतल्या आहेत त्यांना नवीन कार्ड पाठवतो आहे. जुनं फेकून द्या.

शून्य नंबर आईजवळ ठेवून आलो. त्रेचाळीस नंबर तिने खोक्यातच ठेवला आहे, 'पाहुणे आले की काढीन' म्हणते. रोजची भाजी शून्य नंबरवर चिरली जाते. "धार चांगली आहे," म्हणाली, "उगाच इतकी वर्षं माळ्यावर राहिली."

ता. क. गेट लागलं. बाबांचा फोन आला होता. पहिल्या दिवशीचं माप चुकलं म्हणून मुलगा पुन्हा माप घ्यायला आला, तर टेप विसरला. "राहू द्या, अंदाजाने घेतो," म्हणाला. फिट बसलंय म्हणे, सुताचाही फरक नाही.